चार खटक्यांची गोडी : सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर
कोल्ट या अमेरिकी शस्त्रकंपनीने १८७३ साली आणलेल्या ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ या रिव्हॉल्व्हरच्या धाटणीची शस्त्रे आजही बनतात आणि हौशी नेमबाज ती आवर्जून घेतात, याचे कारण निव्वळ जुन्याची ओढ नव्हे. प्रत्येक गोळीआधी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागत असल्याने चापाला तो सोडण्याखेरीज दुसरे काम उरत नाही. साहजिकच चाप हलका आणि आखूड राहतो व नेम फारसा ढळत नाही. घोडा ओढताना एकामागून एक येणारे चार खटके आणि गोळी सुटल्यावर धक्क्याने तळहातात किंचित फिरून घोडा अंगठ्याजवळ आणणारी, नांगराच्या रुमण्यासारखी बाकदार मूठ, ही तर खरी गोडी.

काडतुसे भरणे मात्र वेळखाऊ आहे, कारण बाजूची झडप उघडून ती एकेक करून घालावी लागतात आणि रिकामी पुंगळीही दांडीने एकेक करून ढकलावी लागते. जुन्या रचनेत घोड्याला धक्का बसून चुकून गोळी सुटू नये म्हणून सहापैकी घोड्याखालचे घर (काडतुसाचा कप्पा) रिकामे ठेवून पाचच काडतुसे भरणे शहाणपणाचे. रुगर या दुसऱ्या कंपनीने १९७३ पासून ट्रान्सफर बार, म्हणजे चाप ओढला तरच घोड्याचा आघात काडतुसापर्यंत पोचवणारी पट्टी, बसवल्यावर त्यांच्या रिव्हॉल्व्हरची सहाही घरे भरता येऊ लागली. ते चार खटके मात्र तिथे ऐकू येत नाहीत, आणि मला ते चुकल्याचुकल्यासारखे वाटते.