पुण्यात एकटीने कॅब: दहा महिने वापरल्यानंतर

लातूरहून रात्री निघालेली ट्रॅव्हल्स मला पहाटे साडेचार-पाचला स्वारगेटला उतरवते. मेट्रो सहाला सुरू होते आणि माझं हॉस्टेल कर्वेनगरला. त्यामुळे जुलैपासून महिन्यातून एकदा तरी अंधारात कॅब करावीच लागते. शिवाय आठवड्यातून एक-दोनदा डेक्कनच्या क्लासमधून रात्री साडेनऊनंतर परत येते. अ‍ॅपच्या यादीत आज ६१ फेऱ्या दिसतात, त्यातल्या बहुतेक एकटीच्या. हॉस्टेलवर येणारी प्रत्येक नवी मुलगी आणि तिच्याहून जास्त तिची आई विचारते, "कॅब सेफ आहे का गं?" म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं उत्तर हो असं आहे, पण फेरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत अ‍ॅपच्या नोंदीत राहिली तरच. कोणती गाडी, कोण ड्रायव्हर, कुठून कुठे, हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला तरी कळत असतं, आणि ते ड्रायव्हरलाही ठाऊक असतं. ६१ पैकी तीन वेळा मी घाबरले. त्यातल्या दोन वेळा नेमकी हीच नोंद कुठेतरी तुटत होती.

पहिली वेळ ऑगस्टमधली. स्वारगेटला गाडी आली आणि ड्रायव्हर म्हणाला, "ताई, अ‍ॅपमधलं भाडं परवडत नाही. राइड कॅन्सल करा, तेवढेच पैसे मला कॅश द्या, सोडतो." त्याची अडचण खोटी नव्हती. पुण्यात एसी कॅबचा २०२४ मध्ये ठरलेला दर पहिल्या दीड किलोमीटरला ३७ रुपये आणि पुढे किलोमीटरला २५ होता, अ‍ॅप त्याहून कमी दाखवतं आणि वर कमिशन कापतं. म्हणून मी आता सरळ सांगते, "वरचे पन्नास देते दादा, पण राइड चालू राहू दे." बहुतेक जण ऐकतात. जो तरीही कॅन्सलच करा म्हणतो, त्याच्या गाडीत बसत नाही. पाच वाजता, पाऊस असला तरी नाही. थांबायचं तर स्थानकाच्या आत कोपऱ्यात न थांबता चहाच्या गाडीपाशी, जिथे चार माणसं असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच स्वारगेट स्थानकात उभ्या असलेल्या शिवशाहीत पहाटे एका तरुणीवर अत्याचार झाला. तेव्हापासून मला कॅबमध्ये बसण्यापेक्षा कॅबची वाट बघत उभं राहणं जास्त अवघड वाटतं.

दुसरी वेळ: नंबर जुळला नाही. "ती गाडी सर्व्हिसिंगला आहे मॅडम, ही मित्राची." वर पाटी पांढरी, म्हणजे खासगी गाडी. भाड्याच्या गाडीला पिवळी पाटी आणि काळे आकडे असतात, इलेक्ट्रिक असेल तर हिरवी पाटी आणि पिवळे आकडे. मी ओटीपी दिला नाही. आता आधी पाटी बघते, फोटो काढून रूममेटला पाठवते आणि मगच दार उघडते. बसल्यावर दार आतून एकदा उघडून बघते. प्रवासी टॅक्सीच्या मागच्या दाराला चाइल्ड लॉक नको असा नियम १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना आहे, पण जुन्या गाड्याही रस्त्यावर आहेतच. ड्रायव्हरला राग येईल असं वाटायचं. आजवर एकालाही आलेला नाही.

गाडीतल्या लाल बटणावर, म्हणजे संकटात दाबायच्या पॅनिक बटणावर, मी विसंबत नाही. २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांना ते सक्तीचं आहे. एका काकांना विचारलं तर म्हणाले, "ते पासिंगपुरतं असतं पोरी." त्यांच्या गाडीत ते चालत नव्हतं. मी फोनवर ११२ पहिल्या पानावर ठेवलाय.

तिसरी वेळ मला सर्वांत जास्त सांगावीशी वाटते, कारण ती कुणी आधी सांगितली नव्हती. फोन केला तर अ‍ॅप आपला नंबर ड्रायव्हरपासून लपवतं. पण उतरताना मी यूपीआयने पैसे दिले आणि माझा यूपीआय आयडी म्हणजे माझा मोबाइल नंबरच होता. त्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: "झोपलात का ताई". पाठोपाठ दुसरा. त्याला हॉस्टेलचं गेटही माहीत होतं, कारण मी अगदी गेटपाशी उतरले होते. ब्लॉक केलं, कंपनीकडे तक्रार केली, तर पुन्हा हा ड्रायव्हर तुम्हाला येणार नाही असं ठरावीक उत्तर आलं. चार रात्री नीट झोप लागली नाही. आता आयडीत नंबर नाही, शक्यतो सुटे पैसे जवळ ठेवते आणि हॉस्टेलच्या अलीकडच्या मेडिकलपाशी उतरते.

एक धोका मात्र आईच्या काळज्यांच्या यादीतही नव्हता: ड्रायव्हरची झोप. पहाटेचा ड्रायव्हर बऱ्याचदा आदल्या दुपारपासून गाडीवर असतो. डिसेंबरमध्ये दांडेकर पुलाच्या सिग्नलला हिरवा लागला तरी गाडी हलेना, बघते तर काका स्टिअरिंगवर मान टाकून. उठवलं आणि म्हटलं, "काका, आधी चहा घ्या, मला घाई नाही." ते आमच्या लातूरजवळच्या औशाचे निघाले. पुण्यात मराठवाड्यातले ड्रायव्हर खूप भेटतात, गावाचं नाव निघालं की गप्पा सुरू होतात. मी गाव सांगते. कॉलेज, हॉस्टेल, घरी कोण असतं, हे सांगत नाही. माणूस कितीही चांगला वाटला तरी.

आईला लाइव्ह लोकेशन पाठवते. सुरुवातीला तिला ते उघडता यायचं नाही, ती नुसती जागी बसून राहायची. गेल्या खेपेला राजाराम पूल ओलांडायच्या आतच तिचा फोन आला, "सारसबागेपाशी गाडी का थांबली होती गं?" सिग्नल होता. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मलाबी पोरगी आहे."