नऊ बाटल्या आणि रिपोर्टवरची वेळ

क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, 9.8 वरून 3.6. आमच्या घरात डायलिसिस, म्हणजे मशीनने रक्त शुद्ध करणं, चालू आहे. हे दोन रिपोर्ट दाखवून 'वनस्पतींच्या' कॅप्सूल विकणाऱ्यांनी नऊ बाटल्या आमच्या गळ्यात मारल्या. 540 कॅप्सूल, रोज सहा, पैसे आगाऊ. दोन्ही कागदांवर तारीख एकच! पहिला नमुना सकाळी 7.10 चा, दुसरा 11.40 चा. मधे चार तासांचं डायलिसिस झालेलं, दुसरं काय? एका डायलिसिसमध्ये युरिया (रक्तातला असाच दुसरा कचरा) किमान 65 टक्के उतरावाच लागतो, क्रिएटिनिनही उतरतं. डायलिसिसवाल्या घरात हे पोरालाही ठाऊक असतं. आम्ही आकडे वाचले, वेळ वाचली नाही.

मूर्ख म्हणा खुशाल. पण सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, महिनोन्‌महिने 30 च्या वर आणि डॉक्टरांचं उत्तर एकच, "डायलिसिसवर असं असतंच." कॅथेटरचा (डायलिसिसच्या नळीचा) संसर्ग, किडलेले दात, बंद पडलेला जुना ग्राफ्ट (डायलिसिससाठी हातात बसवलेली कृत्रिम रक्तनळी), हे कुणी तपासायला सांगितलं नाही. तुम्ही आधी ते तपासून घ्या.

शिवाय 'सूज' या शब्दावर ते खेळतात. पायावरची सूज साठलेल्या पाण्याची. ती ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं वजन, नीट ठरवून मशीनवर काढायची. सीआरपी वाढवणारा दाह वेगळा. एकाच कॅप्सूलने दोन्ही जातात म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा.

कॅप्सूल सुरू केल्यावर बारा दिवसांत सीआरपी 34 वरून 6! भूक वाढली, साखर वाढली, चेहरा गोल झाला. आम्ही खूश. हळदीसारख्या वनस्पतींनी असं होत नाही हो, स्टेरॉइडने होतं. 2022 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) सांधेदुखीच्या 'वनस्पतीजन्य' गोळ्यांत लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आणि डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) सापडल्याचं जाहीर केलं होतं. आमच्या बाटलीत काय होतं ते कुणी तपासूनच दिलं नाही. असा संशय आला आणि गोळ्या काही आठवडे पोटात गेल्या असतील, तर आपल्या मनाने एकदम बंद करू नका. त्याच दिवशी बाटली घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे (किडनीच्या डॉक्टरांकडे) जा. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनणं मंदावलेलं असतं, बीपी धाडकन कोसळू शकतं.

लेबलवर 'अकरा वनस्पतींचं मिश्रण, 500 मिलिग्रॅम', बस्स. कुठली किती, पत्ता नाही. पोटॅशियमचा उल्लेखच नाही, आणि रक्तात ते 6.4 निघालं, म्हणजे धोक्याइतकं जास्त. मिऱ्याचा अर्क असेल तर इतर औषधांची रक्तातली पातळी चढू शकते, हेही विचारा. सुई काढल्यावर रक्त थांबायला नेहमीपेक्षा वेळ लागला तर टेक्निशियनला लगेच सांगा. आम्ही हेपारिनला, म्हणजे डायलिसिसमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात त्या औषधाला, दोष देत बसलो; कॅप्सूलचा विचारच केला नाही.

आता तक्रारीचं. एक कार्यालय म्हणतं, हे अन्न आहे, आमच्याकडे औषधं येतात. दुसरं म्हणतं, लेबलवर आजाराचं नाव नाही, दावा तोंडी होता, मग गुन्हा कसला? पोलिसांनी पावती मागितली. पावतीवर 'आरोग्य सल्ला शुल्क', बाटलीचं नावच नाही. "तुम्ही पैसे राजीखुशीने दिलेत ना?" अर्ज तीनदा दिला, पोच एकदाच मिळाली. सहा बाटल्यांचं सील अजून तसंच आहे, तपासायला न्या म्हटलं, तर साहेब म्हणाले, "ठेवा जपून."