लातूरहून आणलेली पर्ल कॉकटेलची जोडी, दीड वर्षानंतर

औशात माझं ब्लाऊज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. कच्च्या रंगाचं कापड मला हातात धरलं की कळतं. त्यामुळं पाखराच्या रंगात फसले म्हणून दुकानदारावर जरा जास्तच चिडले होते. आता तो राग निम्मा उतरलाय, म्हणून लिहायला बसले.

2023 च्या दसऱ्याआधी लेकरानं हट्ट धरला आणि आम्ही लातूरला जाऊन कॉकटेल (cockatiel, डोक्यावर तुरा असलेलं पोपटाच्या कुळातलं छोटं पाखरू) आणले. दुकानाचं नाव लिहीत नाही. पिंजरे धुतलेले होते, पाणी ताजं होतं, एकाही पाखराची शेपूट मोडकी नव्हती. या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क. साधी ग्रे जोडी तीन हजाराला होती. दुकानदार म्हणाला, “ताई, ग्रे तर सगळ्यांकडंच असतात. पर्ल न्या, पाठीवर मोतीच मोती.” साडेचार हजार मोजले. लेकरानं एकाचं नाव मोत्या ठेवलं, दुसरीचं शेवंती. शेजारच्या काकू अजून विचारतात, कुत्रं कुठंय म्हणून.

तीन-साडेतीन महिन्यांची पाखरं होती. त्या वयात पर्लचे नर-मादी दिसायला सारखेच असतात, डोळ्यांनी सांगता येत नाही. दुकानदारानं मात्र बेधडक ‘जोडी’ म्हणून दिली. आमच्या नशिबानं ती जोडीच निघाली.

होळीच्या सुमाराला लेकरू म्हणायला लागलं, “आई, मोत्याचे ठिपके जायलेत.” मी लक्ष दिलं नाही. मग कटिंगच्या टेबलावर चिंध्यांमध्ये पिसं सापडायला लागली. एक पीस उचलून उजेडात धरलं: मधोमध फिकट पिवळा थेंब आणि भोवती राखाडी काठ, जणू कुणी बारीक पिको केलाय. तशी दहा-बारा पिसं बटणांच्या डबीत ठेवली. त्यांच्या जागी नवी आली ती सलग राखाडी. महिन्या-दोन महिन्यांत मोत्याच्या पाठीवर एकही मोती राहिला नाही. तोंड मात्र पिवळंधमक झालं, गालावरचा नारिंगी टिळा उठून दिसायला लागला आणि तो दिवसभर शिट्ट्या मारायला लागला. कुकरच्या शिट्टीची तर अशी नक्कल करतो की मी दोनदा उगाच गॅस बंद केलाय.

तडक लातूर गाठलं. म्हणलं, साधा ग्रे पर्ल म्हणून गळ्यात मारला. दुकानदार म्हणाला, “खाण्यात कमी पडलं असंल ताई, म्हणून रंग गेला.” आणि 180 रुपयांचं रंगाचं टॉनिक दिलं. मीही घेतलं! त्याच दिवशी त्याच्याकडं कामाला असलेला पोरगा एका गिऱ्हाईकाला सांगत होता की ऑर्डर दिली तर निळा कॉकटेलपण मागवून देऊ.

माझा भाचा उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्यानं आधी टॉनिक बाजूला ठेवायला लावलं, मग माझ्याच मापाच्या वहीत आकृत्या काढल्या. पर्ल नर वयात येताना पिसं झडतात आणि ठिपके जातात, मादीचे राहतात. खाण्याचा यात काही संबंध नाही. माणसात बाईकडं दोन एक्स गुणसूत्रं असतात, पाखरांत उलटं: नराकडं दोन झेड गुणसूत्रं आणि मादीकडं एकच. पर्लचा गुण त्या झेडवर असतो, लुटिनोचाही (म्हणजे राखाडी रंग नसलेल्या कॉकटेलचा) तिथंच. म्हणून बाप पर्ल असला की आई कुणीही असो, पोरी सगळ्या पर्ल होतात. पोरगा पर्ल व्हायला मात्र तो गुण आईबाप दोघांकडून यावा लागतो.

आणि निळा? कॉकटेलच्या अंगात रंग दोनच: एक काळा-राखाडी, दुसरा पिवळा-नारिंगी. पोपटाला हिरवा-निळा दाखवणारी पिसांची जी आतली ठेवण असते, ती यांच्यात नाहीच. तेव्हा दुकानात जी महाग महाग नावं ऐकता, त्यात नवा रंग कुठलाच आलेला नसतो, आहे त्यातला गेलेला असतो. पिवळा गेला की व्हाइटफेस, राखाडी गेला की लुटिनो, दोन्ही गेले की पांढराशुभ्र, ज्याला अल्बिनो म्हणून विकतात. लुटिनोच्या तुऱ्यामागं टक्कल दिसलं आणि दुकानदार “पिंजऱ्याला घासलं” म्हणाला, तर हसून सोडून द्या. ते बहुतेक वेळा घराण्यातूनच येतं.

भाच्यावर विश्वास होता, तरी मन मानत नव्हतं. यंदा जानेवारीत लाकडी पेटी लावली. शेवंतीनं पाच अंडी घातली. दिवसा मोत्या बसायचा, रात्री ती. तीन आठवड्यांच्या आतबाहेर तीन पिलं निघाली. पिसांच्या नळ्या फुटल्या तशी मी रोज सकाळी शटर उघडायच्या आधी पेटीत डोकावायची. तिघांच्याही पाठीवर मोती! अंगात पर्लचा गुणच नसलेल्या साध्या ग्रे बापाला शेवंतीपासून एकसुद्धा पर्ल पिल्लू झालं नसतं. म्हणजे माणसानं माल खरा दिला होता. विकलेल्या मालाची माहिती त्याला नव्हती, की असूनही दिली नाही, ते तोच जाणे.

पाचपैकी साडेतीन स्टार. पाखरं तिथूनच घ्या, पण ठिपक्यांसाठी जास्त पैसे मोजणार असाल तर नराचे जाणार हे धरून चाला. खाद्याचं मिक्स घेऊ नका, त्यात निम्मं सूर्यफूलच असतं. बाजरी, राळं आणि थोडी करडई घरीच मिसळा, वर मेथी, कोथिंबीर, मोडाचे मूग द्या.

मागच्या आठवड्यात पिलांचे फोटो दुकानदाराला दाखवले. चष्मा वर करून म्हणाला, “ताई, देता का? पर्लला भाव आहे.” म्हणलं, आधी टॉनिकचे 180 काढा, मग बोलू.