विज्ञान, विधी की शिक्षणशास्त्र : पीएच.डी.साठी विद्याशाखा निवडताना

रसायनशास्त्रात एम.एस्सी., त्यानंतर बी.एड. आणि एम.एड., पुढे नोकरी सांभाळून एलएल.बी. आणि एलएल.एम. अशा पदव्या मिळवलेले शिक्षक आपल्याकडे विरळा नाहीत. अशा व्यक्तीने पीएच.डी. करायचे ठरवले की तिच्यापुढे निदान तीन दारे उघडी असतात, आणि कोणत्या दाराने आत शिरावे हे सांगणारे मात्र फारसे कोणी भेटत नाही. मी स्वतः या तिढ्यातून गेलो आहे. तिन्ही शाखांतील संशोधन जवळून पाहिले, दोन शाखांत लघुप्रबंधापुरते स्वतः केले आणि त्यानंतर एका शाखेत नोंदणी केली. त्या अनुभवाच्या आधारे हे लिहीत आहे. सर्वांना तो लागू पडेलच असा माझा दावा नाही.

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा म्हणजे पेट, नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना तिच्यातून मिळणारी सूट, मार्गदर्शकाचे संमतिपत्र या गोष्टी इच्छुकाला ठाऊक असतातच. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली तिन्ही शाखांना एकच मोजपट्टी लावते. किमान तीन आणि कमाल सहा वर्षे, १२ ते १६ श्रेयांकांचे कोर्सवर्क, दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे मांडायचा प्रगती अहवाल आणि प्रबंधासाठी दोन बाह्य परीक्षक, हे सर्वत्र समान आहे. नोकरीच्या ठिकाणाहून ना हरकत प्रमाणपत्र मिळाले तर अर्धवेळ नोंदणीही तिन्हीकडे होऊ शकते. त्यामुळे नियम वाचून निवड करता येत नाही. संशोधनाची सामग्री कोणाच्या ताब्यात आहे आणि ती आपल्या हाती येईपर्यंत किती जणांची मर्जी सांभाळावी लागते, हा प्रश्न मला नियमांपेक्षा अधिक निर्णायक वाटतो.

विज्ञानापासून सुरुवात करू. पूर्णवेळ संशोधन शक्य असेल तर महाराष्ट्रात या शाखेला उपलब्ध असलेली साधने इतर दोघींच्या वाट्याला कधीच येत नाहीत. पुण्यात १९५० पासून कार्यरत असलेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, २००६ साली सुरू झालेली आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, विद्यापीठाच्या आवारातील आयुका हे खगोलशास्त्राचे केंद्र, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, एवढी नावे घेतली तरी पुरे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. विधी आणि शिक्षणशास्त्रातही नेटमधून तेवढीच रक्कम मिळू शकते, परंतु विज्ञानात तिच्या जोडीला प्रयोगशाळेतील सहकारी, दर आठवड्याच्या चर्चा आणि शेजारच्या टेबलावरच्या ज्येष्ठ विद्यार्थ्याचे मार्गदर्शनही मिळते. संशोधनाचे शिक्षण म्हणून याला तोड नाही.

उपकरणांवाचून येथे पान हलत नाही, हे मात्र लक्षात घ्यावे लागते. नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत आणि जगभरातील खगोलशास्त्रज्ञ तिच्यावर काम करतात, पण प्रत्येकाला आपला प्रस्ताव आधी समितीपुढे ठेवून निरीक्षणाचा वेळ मागून घ्यावा लागतो. ती व्यवस्था न्याय्य आहे आणि उत्तम चालते. तीच गरज संलग्न महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या संशोधकाला भासते तेव्हा चित्र वेगळे असते. नमुना तयार असतो, रेणूची रचना दाखवणारे एनएमआर यंत्र दुसऱ्या संस्थेत असते, तेथे शुल्क भरून नंबर लावावा लागतो आणि आलेख हाती येईपर्यंत पुढची अभिक्रिया अडून राहते. शिवाय संशोधनाचा विषय बहुतेक वेळा मार्गदर्शकांना मिळालेल्या प्रकल्पाने ठरवलेला असतो. निधी त्या प्रकल्पाचा असल्यामुळे हे स्वाभाविकच आहे. दिवसभर तास घेऊन संध्याकाळी प्रयोगशाळेत जाऊ असे म्हणणाऱ्याला मात्र रसायने साथ देत नाहीत, कारण काही अभिक्रियांवर रात्री दोन वाजताही लक्ष ठेवावे लागते. नोकरी आणि घर सांभाळणाऱ्यासाठी हे दार मला जवळजवळ बंदच वाटले.

शिक्षणशास्त्राकडे मी खरे तर सर्वाधिक ओढीने गेलो होतो. शिक्षकाला शिक्षणाविषयी प्रश्न पडणार नाहीत तर कोणाला पडतील? या भूमीत त्या प्रश्नांची परंपराही मोठी आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांनी उभी केलेली पुण्याची भारतीय शिक्षण संस्था, किंवा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला बालशिक्षणाचे केलेले प्रयोग, यांतून वर्गातले आणि अंगणातले निरीक्षण धोरणापर्यंत कसे पोहोचते हे दिसते. प्रबंध मराठीत लिहिण्याची सोय या शाखेत प्रस्थापित आहे आणि त्यामुळे तो शिक्षकांकडून वाचला जाण्याची शक्यता वाढते. माझ्या लेखी हा फार मोठा गुण आहे.

माझे मन तेथून उडाले ते प्रश्नावलीमुळे.

शिक्षणशास्त्रातील प्रबंधांचा मोठा भाग सर्वेक्षण पद्धतीवर उभा असतो. माझ्या एम.एड.च्या लघुप्रबंधासाठीही मी पंचबिंदू श्रेणीची, म्हणजे ‘पूर्णतः सहमत’ ते ‘पूर्णतः असहमत’ अशा पाच पर्यायांची, प्रश्नावली तयार केली, तज्ज्ञांकडून तपासून घेतली आणि परवानगीची पत्रे घेऊन शाळांमध्ये गेलो. घटक चाचणी, स्नेहसंमेलन, तपासणी, प्रशिक्षण यांतून मोकळा दिवस मिळणे अवघड असल्याने बहुतेक मुख्याध्यापकांनी सौजन्याने सांगितले की प्रश्नावल्या ठेवून जा, भरून ठेवतो. त्या भरूनही मिळाल्या. मात्र काही गठ्ठ्यांत सगळ्या प्रश्नावल्यांवर एकच शाई आणि एकच अक्षर होते, आणि कित्येकींत पहिल्या विधानापासून शेवटच्या विधानापर्यंत ‘पूर्णतः सहमत’ या एकाच स्तंभात खुणांची सरळ रांग होती. ‘मी अध्यापनात डिजिटल साधनांचा नियमित वापर करतो’ या विधानाशी पूर्णतः सहमत असलेले शिक्षक ‘वेळेअभावी मला डिजिटल साधने वापरता येत नाहीत’ या विधानाशीही तितकेच सहमत होते. असे विरोधी विधान प्रश्नावलीत मुद्दाम घातलेले असते, ते उत्तर देणाऱ्याचे लक्ष आहे की नाही हे समजावे म्हणून.

यात त्या शिक्षकांना मी दोष देत नाही. यूडायसची माहिती, सरल प्रणालीतील नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, मतदार याद्यांचे काम आणि वरून दर आठवड्याला येणारे तातडीचे तक्ते यांत माझी प्रश्नावली म्हणजे भरायचा आणखी एक कागद होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने शिक्षकांना दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, तरी कागदांचा ओघ थांबलेला नाही. वरच्या कार्यालयाला अपेक्षित असलेले उत्तर लिहून कागद मोकळा करण्याची सवय व्यवस्थेनेच लावली आहे, आणि त्या सवयीचे फळ संशोधकाच्या पदरी पडते. पुढे या खुणांना गुण देऊन, सरासरी व प्रमाण विचलन काढून, टी-परीक्षिका लावून ०.०५ या सार्थकता स्तरावर ‘फरक नाही’ असे मानणाऱ्या शून्य परिकल्पनेचा त्याग करायचा असतो. दशांशचिन्हानंतर दोन अंकांपर्यंत नेमके दिसणारे ते मूल्य ज्या खुणांच्या रांगेवर उभे होते ती रांग मी पाहिली होती, आणि तशाच पायावर आणखी काही वर्षांचे काम रचण्याची माझी तयारी होईना.

या शाखेत याहून सकस मार्ग नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ सर्वेक्षणाने २००५ पासून ग्रामीण भागात मुलांच्या घरी जाऊन त्यांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला लावला, वजाबाकी आणि भागाकार करायला दिले. मुलांना वाचता येते का हे शिक्षकाला न विचारता मुलालाच वाचायला सांगितले, आणि प्रश्नावलीची अडचण त्यामुळे मुळातच टळली. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात मुले विज्ञान आणि गणित कसे समजून घेतात याचा बारकाईने अभ्यास होतो व त्यावर पीएच.डी.ही करता येते. मात्र अशा कामाला माणसांचे जाळे लागते किंवा महिनोन्‌महिने वर्गात बसण्याची मुभा लागते. एकट्या, अर्धवेळ संशोधकाला यांपैकी काही उपलब्ध नसते आणि तो फिरून प्रश्नावलीपाशीच येऊन ठेपतो.

विधी शाखेचा पहिला दिलासा येथेच आहे. संविधान सभेतील चर्चा, अधिनियम, राजपत्रे, विधिमंडळातील कामकाज आणि न्यायालयांची निकालपत्रे ही सारी सामग्री आधीच प्रसिद्ध झालेली असते. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या प्रकल्पाने २०२३ पासून निकाल विनाशुल्क खुले केले आहेत, उच्च न्यायालयांचे निकाल त्यांच्या संकेतस्थळांवर मिळतात, आणि कोणत्या जिल्ह्यात किती खटले किती काळ प्रलंबित आहेत हे राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिडवर पाहता येते. रात्री दहा वाजता घरातली कामे उरकल्यावर मी एखादे निकालपत्र उघडू शकत होतो आणि त्यासाठी कोणाच्या सहीची गरज नव्हती. न्यायमूर्तींचे म्हणणे मला पटेल किंवा पटणार नाही, पण त्यांनी कारणे दिलेली असतात, ती परिच्छेदवार क्रमांकित असतात, आणि माझ्या परीक्षकांना तोच परिच्छेद उघडून माझा अर्थ तपासता येतो.

शिवाय शिक्षणाविषयीचे माझे प्रश्न मला सोडावे लागले नाहीत. चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाला मूलभूत हक्क मानणारा उन्नीकृष्णन खटल्याचा १९९३ चा निकाल, त्या हक्काला संविधानात स्थान देणारी २००२ ची ८६ वी घटनादुरुस्ती, २००९ चा शिक्षण हक्क कायदा, खासगी विनाअनुदानित शाळांतील वंचित व दुर्बल घटकांसाठीच्या पंचवीस टक्के प्रवेशांवर शिक्कामोर्तब करणारा २०१२ चा निकाल आणि अल्पसंख्याक शाळांना त्या कायद्यातून वगळणारा २०१४ चा प्रमती निकाल, अशी ही सलग साखळी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असल्यास खासगी शाळांना पंचवीस टक्के प्रवेशांतून सूट देणारा नियम केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. ज्या मुलांना या प्रवेशांमुळे परिसरातील चांगली शाळा मिळते त्यांच्या दृष्टीने हा निकाल कोणत्याही अभ्यासक्रम बदलापेक्षा मोठा होता. शाळेत काय घडते हे समजून घ्यायचे तर शाळेच्या दारावरचा कायदाही वाचावा लागतो, आणि शिक्षकी पेशातून आलेल्या संशोधकाला तो इतर वकिलांहून वेगळा दिसतो.

या शाखेच्या उणिवा लहान नाहीत. मार्गदर्शकांची टंचाई ही पहिली. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात, आणि विधी महाविद्यालयांत मान्यताप्राप्त मार्गदर्शक मुळातच मोजके असल्याने माझ्या माहितीतील कित्येकांची दोन-दोन वर्षे केवळ जागेच्या प्रतीक्षेत गेली. दुसरी उणीव म्हणजे विषय पायाखालून सरकतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली तेव्हा फौजदारी कायद्यावर लिहिणाऱ्या अनेकांना प्रकरणेच्या प्रकरणे नव्याने बांधावी लागली असणार. माझ्या विषयातही १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेवेची पाचपेक्षा अधिक वर्षे उरलेल्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण होणे बंधनकारक केले आणि त्याच निकालात प्रमतीचा प्रश्न मोठ्या पीठाकडे विचारार्थ पाठवण्याची शिफारस केली. ज्याला हे त्रासदायक वाटते त्याने या शाखेत येऊ नये. मला मात्र त्यातच कामाची जिवंत खूण वाटते.

तिसरी उणीव अधिक गंभीर आहे. डॉक्ट्रिनल पद्धतीचे, म्हणजे केवळ कायदे आणि निकाल वाचून लिहिलेले, अनेक प्रबंध निकालांच्या संकलनापुढे जात नाहीत, आणि पंचवीस टक्क्यांतून प्रवेश मिळालेल्या मुलाला वर्गात कोणाशेजारी बसवले हे कोणतेही निकालपत्र सांगत नाही. त्यासाठी पुन्हा शाळेतच जावे लागते. फरक इतकाच की विधीच्या प्रबंधात ते एखादे प्रकरण असते, मोजक्या पालकांशी सावकाश बोलून लिहिता येते, आणि सगळा प्रबंध त्याच्यावर तोललेला नसतो. भाषेचा प्रश्नही उरतोच. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचे कामकाज मराठीत चालत असले तरी उच्च न्यायालयापासून पुढची सामग्री इंग्रजीत असल्याने प्रबंधही बहुधा इंग्रजीतच लिहिला जातो. शिक्षणशास्त्राचा मराठी प्रबंध पाहिला की मला त्याची आजही असूया वाटते.

पंचविशीच्या आत असलेल्या, अधिछात्रवृत्ती मिळालेल्या आणि प्रयोगशाळेत रमणाऱ्या विद्यार्थ्याने विज्ञान सोडण्याचा विचारही करू नये असे मला वाटते. ज्या शिक्षकाला आपल्याच शाळेत दीर्घकाळ निरीक्षण करता येईल आणि ज्याचे मार्गदर्शक प्रश्नावलीशिवायच्या संशोधनाला मोकळेपणाने होकार देतात, त्याला शिक्षणशास्त्रात माझ्याहून चांगले काम करता येईल. मात्र तो होकार आराखडा सादर करण्यापूर्वीच घ्यावा, आणि शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर त्या मार्गदर्शकांच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडून आधी परिशिष्टात साधन कोणते जोडले आहे ते पाहावे. निष्कर्षाच्या प्रकरणापेक्षा त्या परिशिष्टावरून कामाचा कस लवकर कळतो.

उरलेल्यांना, म्हणजे एलएल.एम. झालेल्या, नोकरी करणाऱ्या आणि शाळेविषयी किंवा समाजाविषयी प्रश्न घेऊन बसलेल्या व्यक्तींना, मी विधी शाखाच सुचवेन. त्यांनी विद्यापीठाने जाहीर केलेल्या रिक्त जागांच्या यादीत मार्गदर्शक आहेत का हे प्रथम पाहावे, एकाच कलमाभोवती विषय बांधावा, आणि त्या कलमावरील निकाल पेटचा अर्ज भरण्यापूर्वीच वाचायला घ्यावेत.