कॅनन ५० मिमी एफ १.४ (स्क्रू माउंट): एका पावसाळ्यासकट वापरून

निकाल आधीच सांगतो. रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर लावायला जुनी, फास्ट (म्हणजे जास्त प्रकाश आत घेणारी) अशी पन्नास मिमीची एकच लेन्स घ्यायची असेल, तर कॅननची १९५७ साली आलेली एफ १.४ घ्या. सगळ्यांत देखणे फोटो तिचे येतात असं नाही. ‘सोनार’ या जर्मन रचनेच्या घराण्यातल्या लेन्सची विरघळलेली पार्श्वभूमी मलाही जास्त आवडते. पण कॅननवर फोकस जिथे धरावा तिथेच बसतो, आणि रेंजफाइंडर वापरणाऱ्याला याहून मोठं सुख नाही.

एसएलआर किंवा मिररलेसमध्ये आपण लेन्समधूनच बघत असतो. फोकस चुकला तर डोळ्याला दिसतं आणि बोटं आपोआप रिंग फिरवतात. रेंजफाइंडरमध्ये बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्सच्या मागच्या कड्याला कॅमेऱ्यातला एक छोटा दांडा टेकलेला असतो. रिंग फिरली की तो मागेपुढे होतो आणि खिडकीतली फिकट प्रतिमा बाजूला सरकते. दोन प्रतिमा एकावर एक आल्या की कॅमेरा म्हणतो फोकस बसला. लेन्सला ते मान्य आहे की नाही, हे रोल धुऊन आल्यावरच कळतं. त्यात एफ १.४ ला एक मीटरवर सगळी मिळून जेमतेम तीन सेंटिमीटर खोली फोकसमध्ये येते. पापणीवर धरलं तर कान गेलाच म्हणून समजा.

माझ्याकडे कॅनन पी आहे, १९५९ साली बाजारात आलेला. त्याच्या खिडकीतून जग आहे त्याच आकाराचं दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. रेंजफाइंडरचा पाया, म्हणजे ज्या दोन खिडक्यांतून तो अंतर मोजतो त्यांच्यातलं अंतर, ४१ मिमी. लायका एम३ चा परिणामी पाया (खिडकीतून जग किती मोठं दिसतं ते धरून) साठच्या वर जातो, त्यापुढे हा कमीच, पण पन्नासच्या एफ १.४ ला पुरतो. चष्मा असलेल्यांना खिडकीतली ३५ मिमीची चौकट (त्या लेन्सच्या फोटोत किती येईल ते दाखवणारी रेघ) नीट दिसणार नाही; पन्नासची दिसते.

कोणती लेन्स घ्यायची याच्या माझ्या यादीत जुपिटर-३, निक्कोर एफ १.४, लायट्झची (लायका बनवणाऱ्या कंपनीची) समारिट एफ १.५ आणि ही कॅनन होती. लायकाची १९५९ची पहिली समिलक्स बजेटमध्येच नव्हती, म्हणून तिच्यावर बोलत नाही. समारिट हातात घेऊन पाहिली. तिचं समोरचं कोटिंग (काचेवरची चकाकी कमी करणारा थर) मऊ, त्यामुळे साठ-सत्तर वर्षं पुसून पुसून बहुतेक नगांवर बारीक ओरखड्यांचं जाळं झालेलं असतं. विकणाऱ्याने ‘किंचित खुणा’ म्हटलेल्या नगातून बल्बकडे पाहिलं तर धुकं दिसलं. ती तिथेच सुटली.

खरी ओढाताण सोनार आणि कॅनन यांच्यात होती, त्यामुळे सोनारबद्दल जरा सविस्तर. लुडविग बर्टेलेने १९३२ साली झाइस इकॉनच्या काँटॅक्ससाठी एफ १.५ सोनार आखली, तेव्हा लेन्सवर कोटिंग करायची सोय नव्हती. हवा आणि काच जिथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठभागावरून चार-पाच टक्के प्रकाश मागे फिरतो आणि लेन्सच्या आत भटकून फोटो पांढुरका करतो. बर्टेलेने सात भिंगं तीनच गटांत चिकटवली. हवेला लागणारे पृष्ठभाग उरले सहा. त्या काळात एवढ्या फास्ट लेन्सला इतका काँट्रास्ट मिळणं म्हणजे कमालच होती. युद्धानंतर सोव्हिएत कारखान्यांनी हीच रचना उचलून जुपिटर-३ काढली, आणि १९५०ची निक्कोर एफ १.४ सुद्धा याच वंशातली. कोरियन युद्धात छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकनने निक्कोर लेन्स वापरल्या आणि त्यानंतर अमेरिकेतले लोक जपानी काचेकडे वळून बघायला लागले.

पण सोनारला एक खोड आहे. भिंगाच्या कडेने येणारे किरण आणि मधून येणारे किरण एकाच जागी मिळत नाहीत. अ‍ॅपर्चर लहान केलं (म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक आवळलं; एफचा आकडा वाढतो तसं ते लहान होतं) की कडेचे किरण अडतात आणि फोकसची जागा मागे सरकते. म्हणजे लेन्स एफ १.५ ला जुळवून घेतली तर एफ २.८ ला फोकस मागे जाणार, आणि २.८ ला जुळवली तर उघड्या अ‍ॅपर्चरवर पुढे येणार. रेंजफाइंडरच्या खिडकीला यातलं काहीच ठाऊक नसतं. जुपिटर-३ मध्ये वर आणखी एक भर आहे. लायकाच्या पद्धतीत प्रमाण लेन्सचं नाभीय अंतर ५१.६ मिमी धरलेलं आहे, काँटॅक्सच्या पद्धतीत त्याहून थोडं जास्त, आणि ही रचना मूळ काँटॅक्सची. त्यामुळे स्क्रू माउंटवर दूरचं जुळलं तरी जवळचं हलतं. आत पातळ पत्र्याच्या चकत्या घालून ते बरंचसं सुधारता येतं, पण हे काम जाणणारा दुरुस्तीवाला आपल्याकडे शोधावा लागतो.

मित्राची जुपिटर मी बरेच रोल वापरली. जमलं की असं काही जमतं की फोटो मोठा करून भिंतीवर लावावा. पण एक मीटरवरच्या आजीच्या चेहऱ्याला ‘जमलं तर’ चालत नाही. मनात इंचभर पुढेमागे धरून फोटो काढणारे लोक आहेत, त्यांना सलाम. मला समोरच्या माणसाकडे लक्ष द्यायचं असतं.

कॅननची एफ १.४ ही डबल गाउस (मध्याच्या दोन्ही बाजूंना जवळपास सारखी भिंगं असलेल्या) रचनेची, सहा भिंगं आणि चार गट. पृष्ठभाग आठ झाले, पण १९५७ पर्यंत कोटिंग रूढ झालं होतं, त्यामुळे ती किंमत परवडली. अ‍ॅपर्चर बदलल्यावर फोकस सरकतो का, हे मी मेजपट्टी तिरकी ठेवून १.४, २, २.८ आणि ४ वर तपासलं. माझ्या नगात लक्षात येईल असं काही सरकत नाही. वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास, कॅनन पी वर तोल छान बसतो. सर्वांत जवळचा फोकस एक मीटर, जेवणाच्या ताटाचा फोटो काढणाऱ्यांनी नाद सोडावा.

आता चित्राबद्दल. एफ १.४ ला मध्यभाग पुरेसा धारदार असतो, वर एक हलकी झिलई. कोपऱ्यात रस्त्यावरच्या दिव्यांना पंख फुटतात. एफ २ ला झिलई उतरते, २.८ ला लेन्स जागी होते, ५.६ ला आजच्या लेन्सशी तुलना करावीशी वाटते. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये ४०० आयएसओच्या रोलवर एफ १.४ आणि १/६० असं साधारण जमतं, म्हणजे रोल पुश न करता, म्हणजे धुताना त्याची संवेदनशीलता न वाढवता, घरगुती गाण्याची बैठक टिपता येते. एफ १.८ ची लेन्स घेतली असती तर जेमतेम पाऊण स्टॉप प्रकाश कमी मिळाला असता (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), हेही खरं. कॅननची ती १.८ स्वस्त आहे आणि चांगलीही आहे, फक्त तिच्या बऱ्याच नगांत अ‍ॅपर्चरच्या मागच्या भिंगावर धूसर थर धरतो, आणि तो थर कधी कधी काच खाऊन बसलेला असतो. एफ १.२ च्या भानगडीत मी पडलो नाही. अर्ध्या स्टॉपहून कमी फायदा, आणि खिडकीचा कोपरा झाकला जातो.

गणपतीत मंडपाच्या माळा चौकटीच्या अगदी बाहेर असल्या की फोटोवर पांढरा पडदा येतो. हूड हवाच. फिल्टरचं माप ४८ मिमी असल्यामुळे पंचाईत होते. मी ४८ वरून ४९ ची रिंग लावून टाकली आणि प्रश्न मिटवला. प्रकाश अडवणारा फिल्टर हौसेसाठी नाही, लागतोच. आपल्याकडच्या भर दुपारच्या उन्हात ४०० चा रोल आणि १/१००० शटर धरलं तरी अ‍ॅपर्चर एफ ११ वर जातं. तिथून १.४ पर्यंत सहा स्टॉप. १०० चा रोल भरला तरी चार स्टॉप अडवावे लागतात. फास्ट लेन्स घेऊन दुपारी बाहेर पडणाऱ्यांनी हे गणित आधी करावं. मी सरळ संध्याकाळची वाट बघतो, किंवा वाड्याच्या पडवीत शिरतो.

पावसाळ्याचं काय, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला गेला. जुन्या लेन्सबरोबर येणारी चामडी पेटी सुंदर असते, पण ती ओल धरून ठेवते आणि बुरशीला घर देते. पेटी कपाटात ठेवा, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि आत एक स्वस्तातलं आर्द्रतामापक टाका. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत राहिला की पुरे. अगदी कोरडं केलं तर ग्रीस सुकतं. आणि आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून वापरा. कोकणात नेली होती तेव्हा डबा सोबत होता. परतल्यावर टॉर्चने पाहिलं, आत स्वच्छ होतं.

टॉर्चवरून आठवलं, लेन्स घेताना हे कराच. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धूळ दिसली तर दुर्लक्ष करा, प्रत्येक जुन्या लेन्समध्ये ती असते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. एकसारखं दुधट धुकं म्हणजे हेझ, आणि ते पुसून निघेल असं विकणाऱ्याने सांगितलं तर त्यालाच पुसून दाखवायला सांगा. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवरचं तेल एसएलआरमध्ये पाती अडकवतं, रेंजफाइंडरच्या लेन्समध्ये तसं होत नाही. पण तेच तेल उडून पुढे काचेवर बसतं, म्हणून भाव करताना धरावं.

कॅमेरा तपासायचा असेल तर रोल न भरता मागचं झाकण उघडा, फिल्मच्या रुळांवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर (बटण दाबलेलं असेपर्यंत ते उघडं राहतं) उघडं धरा आणि लेन्स पूर्ण उघडी ठेवून दूरच्या टॉवरवर रोखा. पट्टीवर टॉवर स्पष्ट आणि खिडकीत प्रतिमा जुळलेली, दोन्ही एकाच वेळी हवं. मग हेच एक मीटरवर करा. हाताने हळू काम करा, कॅनन पी चा पडदा पातळ स्टीलचा असतो आणि बोट लागलं की सुरकुती पडते. सुरकुतलेला पडदा दिसला म्हणून कॅमेरा नाकारू नका, बहुतेकांवर ती असतेच आणि शटर नीट चालतं. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्याला उन्हात झाकण न लावता ठेवलं तर सूर्य भोक पाडतो, ती भीती इथे नाही.

लायका एम ला स्क्रू माउंट नसतो, म्हणून तिच्यावर लावणाऱ्यांनी कॅमेऱ्याच्या खिडकीत ५०/७५ मिमीची चौकट आणणारा अ‍ॅडॉप्टर मागून घ्यावा. २८/९० चा गळ्यात मारतात.