गार्ड नेमताना: माजी सैनिक की नवखा पोरगा?

साताऱ्यात माजी सैनिक मिळणं अवघड नाही. सैनिकांचं गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अपशिंग्याचं नाव ठाऊक असलेल्याला हे सांगायला नको.

2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्रीय नमुना नियमांत नवख्याला 100 तास वर्ग आणि 60 तास मैदानी प्रशिक्षण, किमान 20 कामाचे दिवस. माजी सैनिकाला 40 आणि 16 तास, 7 दिवस.

चारित्र्य पडताळणी मात्र कुणालाच चुकत नाही. नवख्याचं घोडं बहुधा पत्त्यावर अडतं: आधारवर गावचा पत्ता, राहणं पुण्यात भाड्याने, आणि फॉर्मात तो पत्ताच नाही. सैनिकाचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, नीट वाचा. गैरवर्तनामुळे बडतर्फ झालेल्याला कायद्याने नेमता येत नाही. वय दोघांचंही 18 ते 65. घाई असेल तर सैनिकच बरा.