अमेरिकेतला कमोडोर ६४ सांगलीत: स्टेपडाऊन की २३० व्होल्टचा सप्लाय?

मामेभावाने अमेरिकेहून कमोडोर ६४ हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक आणला. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. प्लग थेट बोर्डात घालू नकाच.

पहिला मार्ग स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरचा. सोपा, पण तो फक्त व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ ५०च राहतात. ६० हर्ट्झसाठी बनवलेला जुना सप्लाय (संगणकाला वीज पुरवणारा डबा) त्यावर जास्त तापतो, आणि सांगलीचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. खरी भीती वेगळीच आहे. या सप्लायचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) म्हातारपणी बिघडला की व्होल्टेज वर चढतं आणि मेमरीच्या चिप जळतात. बरेच सप्लाय इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या राळेने) भरलेले असल्याने उघडून दुरुस्तही करता येत नाहीत.

दुसरा, २३० व्होल्टवर चालणारा नवा सप्लाय: ५ व्होल्ट डीसी, ९ व्होल्ट एसी, तोच सात पिनांचा डिन प्लग. ९ व्होल्ट एसीच हवं. तिथे डीसी चालत नाही. महाग पडतो, तरी मी हाच घेतला. जोडण्याआधी मल्टिमीटरने ५ व्होल्ट तपासले.

दोन्हीत एक अडचण सारखीच: मेन्सच्या हर्ट्झवर चालणारं आतलं टीओडी (टाइम ऑफ डे) घड्याळ ६० वर लावलेलं असेल तर तासाला १० मिनिटं मागे पडतं. ती सेटिंग प्रोग्रॅममधून बदलता येते.